देवापुढे ठेवलेला टॅब

गुरुजी, आज तुमचा फार राग आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायला माझ्याशिवाय कुणी उरलं असेल असं वाटत नाही. तुमच्या हातचा मार खाल्लेली आमच्या वर्गातली निम्मी पोरं स्वतः आजोबा झाली आणि तुम्हाला देवमाणूस म्हणू लागली. मी म्हणत नाही. मी हिशेबाने चालणारा माणूस आहे. जे चांगलं होतं ते चांगलं, आणि जे चुकलं ते चुकलंच. तो रेडिओ मी बिघडवला नव्हता.

आधी मी काय करतो ते सांगतो, म्हणजे रागाचं कारण कळेल. शहरात सात रस्ता चौकाजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओपासून सुरुवात केली, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, मग मोबाइल. कुठल्या वर्गात बसून शिकलो नाही. जुनी यंत्रं उघडली, जळके भाग ओळखले, जोडले, पुन्हा जाळले आणि पुन्हा जोडले. आता इथल्या एका शाळेनं पोरांना वापरायला टॅब दिलेत. टॅब म्हणजे पाटीएवढं काचेचं यंत्र. अभ्यासाचे धडे, सराव परीक्षा, सगळं त्यात. त्यांची देखभाल माझ्याकडे. आठवड्यातून एकदा शाळेत टेबल मांडून बसतो आणि बिघडलेले टॅब रांगेनं माझ्यासमोर येतात. पोरं मला काका म्हणतात, शिक्षकही काकाच म्हणतात.

काय काय येतं म्हणून सांगू! एका पोराच्या दादानं बहिणीच्या लग्नाची सगळी हळद आणि वरात त्यात भरून ठेवली आणि धड्यांना जागाच उरली नाही. उजनीकाठच्या एका बहाद्दरानं सुट्टीत गावी नेला, तर बापानं पाण्याच्या मोटारीच्या पेटीवर ठेवून त्यावर कीर्तन ऐकलं. टॅब परत आला तो चिखलासकट. विचारलं तर पोरगं म्हणतं, "काका, पाण्यात न्हाय पडला, पाणी त्याच्यावर पडलं." आता याला काय उत्तर द्यायचं? टॅब देताना प्रत्येक पालकाची सही घेतलेली असते. काळजी घेईन, निष्काळजीपणा झाला तर टॅब परत जाईल आणि वाट पाहणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळेल, असं त्यात लिहिलंय. वाचतं कोण? मी वाचलंय, दोनदा. 'निष्काळजीपणा' म्हणजे नेमकं काय, हे त्यात कुठंही लिहिलेलं नाही. असला ढिसाळपणा मला सहन होत नाही.

तुमच्या काळी हा शब्दच लागत नव्हता. मंगळवेढ्याकडच्या आपल्या शाळेत रेडिओ आला तो दिवस मला दिसतो. तुम्ही तो टेबलावर ठेवलाय, आम्ही खाली बसलोय, आणि तुम्ही सांगताय की पोरांना कार्यक्रम ऐकवायला सरकारनं हा दिला आहे. मग तुम्ही तो तुमच्या जुन्या उपरण्यात गुंडाळला आणि लाकडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. कार्यक्रम रेडिओत होत राहिले असतील. आम्ही कपाट ऐकलं. मी कपाटाच्या फटीला नाक लावून नव्या यंत्राचा वास घेत होतो, तेवढ्यात तुम्ही पाहिलं. पुढच्या झेंडावंदनाला रेडिओ काढला तर तो मुका. सगळ्या गावासमोर तुम्ही मला उभं केलंत. "तुज्या बापाचा हाय व्हय रे त्यो? सरकारी वस्तू हाय, हात लावायची न्हाय म्हनून सांगितलं हुतं का न्हाय?" पट्टी कडेनं मारायचात तुम्ही, सपाट नाही. नंतर शाळेमागं तुम्ही फेकलेले सेल मला सापडले. फुटलेले, पांढरे-हिरवे, फुगून बुरशी आल्यासारखे. वर्षभर सेल आत तसेच ठेवले होते, ते पाझरले आणि त्यांनी रेडिओतल्या तांब्याच्या पट्ट्या खाल्ल्या. रेडिओ मारला तो तुमच्या कुलपानं. मी ते सेल दगडानं फोडून आत काय असतं ते पाहिलं, आणि माझं शिक्षण सुरू झालं, तुमच्या शाळेच्या मागच्या बाजूला.

सातवी झाल्यावर तुम्ही मला बोलावून तुमची बॅटरी दिलीत, हातातली, पत्र्याची. आत सेल नव्हते. "सेल तू घाल," म्हणालात, "आन् वापरायची नसंल तवा काढून ठिवत जा." एवढंच. मी दारापर्यंत गेलो तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की तुम्हाला सगळं कळलं होतं. मग गावासमोर का नाही सांगितलंत, हा माझा प्रश्न आहे. अजूनही आहे.

तर आज. दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा शाळेतला माझा पहिला दिवस. आठवीतल्या एका मुलीचा टॅब आला, चार्जच होत नाही म्हणून. ही मुलगी मला माहीत आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलीये, सरावाच्या परीक्षा सगळ्या त्या टॅबवरच. वायर लावायच्या भोकात बघितलं तर आत पिवळं. सुईनं टोकरलं तर हळद. भिंग लावून पाहिलं तर हळदीखाली चिकट काळं काहीतरी, आणि त्यातून एक मुंगी बाहेर आली, मग तिच्या मागून दुसरी.

"हे काय आहे गं?"

मुलगी खाली बघून म्हणाली, "गूळ."

माझा संताप झाला. मुख्याध्यापिका बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी आईला बोलावून घेतलं. आई घरी गणवेश शिवते, गळ्यात टेप तसाच ठेवून आली. तिला वाटलं मुलीला काही झालं. टॅबचं आहे म्हणून कळल्यावर तिनं श्वास सोडला, आणि नेमकं तेच बाईंना आवडलं नाही.

"खंडेनवमीला ठिवला हुता देवापुढं," आई म्हणाली. "मशीन, कात्री, आन् ह्यो. समद्यांची पूजा करत्यात की."

"पूजा वरून करतात," मी म्हणालो. "भोकात गूळ कुणी घालायला सांगितला?"

"अवो भाऊ, तितनंच त्याचं जेवान जातंय न्हवं? पोळ्याला बैलाच्या पायाला घास लावता का तोंडाला?"

"हा बैल आहे का?"

"बैल न्हाय ते कळतंय मला. मान म्हनून लावायचं आस्तंय. शिलाई मशीनला दरसाल हळदीकुंकू लावते, एकदा बिघडली न्हाय ती."

"मशीनच्या पोटात वीज असते का?"

"आई, मी सांगितलं हुतं कोरडी हळद लाव म्हणून," मुलगी मध्येच बोलली. "तू पाण्यात कालवलीस."

"तू गप. कोरडी हळद लावत्यात व्हय कुटं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, कारण लिहा. निष्काळजीपणा. हा टॅब दुसऱ्या मुलाला देऊ." बाई वाईट नाहीत, गुरुजी. रांगेत थांबलेली पोरं आहेत, त्यांचे आईबाप रोज येऊन विचारतात, आणि हिला सोडलं तर त्या मोटारीच्या पेटीवाल्याला कसं धरायचं? त्यांचं म्हणणं सरळ होतं. मला खोडता येईना.

आईचा चेहरा उतरला. "निष्काळजी? बाई, घरात मोबाईलला मी साधं फडकं लावत न्हाय. ह्याला देवापुढं ठिवला. काळजी म्हंजे आनिक काय आस्ती वो?"

आणि मी तिला झापलं. जोरात. रांगेतली पोरं बघत होती. "शाळेची वस्तू आहे, तुमच्या घरची नाही. नीट वापरायची नसेल तर हात लावायचा नाही!" बोलताना माझ्याच तोंडून तुम्ही बोललात, जवळजवळ शब्दाला शब्द. माझा राग तिथून उठून थेट तुमच्याकडे वळला. तेवढ्यात मुलीच्या आईनं माझ्या हत्यारांच्या पेटीकडे बोट दाखवलं. झाकणावर कुंकवाचं ताजं बोट उमटलेलं होतं. "मग ह्ये काय हो भाऊ?"

पोरं हसली. "हे कोरडं आहे," मी म्हणालो. "आणि झाकणावर आहे. मी हत्यारांच्या टोकाला लावत नाही." माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि कुणालाही ते पटलं नाही.

मग मी कारणाच्या रकान्यात जे झालं तेच लिहिलं: 'पूजेत हळदीचं पाणी व गूळ आत गेला. यंत्राची काळजी घेण्याच्या प्रयत्नात बिघाड.' खोटं लिहिणं माझ्या स्वभावात नाही. बाईंनी वाचलं आणि भुवया वर केल्या. "याला निष्काळजीपणा म्हणायचं नाही?"

"म्हणा. पण मग तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पंख्यावर झेंडूचा हार लटकतोय तेही लिहावं लागेल. गेल्या वर्षीच्या पाकळ्या मीच आतून काढल्यात."

 बाईंनी आईकडे पाहिलं. "दुरुस्त होत असेल तर राहू द्या हिच्याकडे. पण आता परत एक ओरखडा जरी दिसला ना, तर मी कुणाचं ऐकणार नाही." मी जुन्या टॅबातून चार्जिंगचा भाग काढून हिच्या टॅबात बसवला. आधीच्या भागाचं तांबं हिरवं पडलं होतं, तुमच्या रेडिओच्या पट्ट्यांसारखंच. आईनं जाताना सांगितलं, "पुढच्या साली तुमालाच बोलिवते पूजेला." टोमणा होता की आमंत्रण, माहीत नाही.

आता खरं बोलू का? हा नवा कारभार मला तुमच्याइतकाच चुकलेला वाटतो. तुमच्या वेळी वस्तूची जबाबदारी एकट्या तुमच्या डोक्यावर होती, म्हणून आम्हाला हात लावायला मिळाला नाही. आता ती आठवीतल्या पोरीच्या डोक्यावर आहे, म्हणून तिचं घर टॅबला देव करून बसवतं. दोन्हीकडे भीती तीच. नुसती जागा बदलली. एवढं साधं कुणाला दिसत नाही, आणि मी बोललो की म्हणतात, काका, तुम्ही फक्त दुरुस्तीचं बघा.

इथवर लिहून मी दिवा बंद करणार होतो. पण तेवढ्यात दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असताना तीच मुलगी आली. शाळेत नाही, इथं. टॅब ओढणीत. कोपऱ्यातून काच तडकलेली.

"कशी तडकली?"

"भाकरी थापताना डब्याला टेकवून ठेवला हुता. गणित चाललं हुतं. कोपर लागलं."

काचेवर पिठाची बोटं होती, पुढचा प्रश्न उघडलेला होता, आणि कोपऱ्याची चीर त्या प्रश्नावरून गेली होती. मी तिला जे झापायचं ते सगळं झापलं: डब्याला टेकवायचा नाही, चुलीजवळ न्यायचा नाही, कव्हर कुठंय. ती मान हलवत राहिली. मग विचारलं, "बाईंना सांगनार का, काका?"

मी म्हणालो, काच बदलायला दोन दिवस लागतील, तोवर चिकटपट्टी लावून देतो, त्याच्यावर गणित कर. ती गेली.

हे पत्र तुम्हाला पोचणार असतं तरी मी ते टाकलं नसतं. तुम्ही लाल शाईनं शुद्धलेखन दुरुस्त करून परत पाठवलं असतं आणि रेडिओबद्दल चकार शब्द काढला नसता. शाळेला काचेचं कळवायचं राहून गेलं, असं मी शेवटी लिहिणार होतो. पण ते खरं नाही. राहून गेलेलं नाही. मी कळवणार नाही. आणि त्या पोरीवर ओरडत होतो ना, वस्तू वापरताना फोडली म्हणून, तेव्हा मला आतून फार बरं वाटत होतं.