आत घेऊ

१ ऑगस्ट
आज ताइचुंगच्या मेल कंपनीत रुजू झाले. खूश आहे. खिडकीपाशी टेबल, खाली नूडल्सचं दुकान, आणि सर्व्हरवर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतात, सगळीकडेच. शेजारच्या आ-ख्वेनं बजावलं की, ताई, भूक लागली तर मला खा, पण त्याला हात लावू नका. माझं काम एकच, लोकांच्या मेलमध्ये घुसणारा स्पॅमचा कचरा थोपवायचा.

३ ऑगस्ट
स्पॅमला जबाबदार कोण, यावर बैठकीत सकाळ गेली. ल्याओ साहेब म्हणतात, पाठवणारा. तो सापडतो कुठे? आ-ख्वे म्हणाला, आपण, कारण दार आपलं. विक्रीच्या बाई म्हणाल्या, उघडणारे. अक्कल गहाण टाकतात मेले. माझे बाबा आलेल्या प्रत्येक मेलला उत्तर देतात. कुणी नाव घेऊन विचारपूस करावी आणि आपण मुक्यासारखं बसावं, हे त्यांना माणुसकीचं वाटत नाही. आई गेल्यापासून त्यांच्याशी बोलायला दुसरं असतं कोण? मी तर घरी येते ती दमून. शेवटी काम माझ्याच गळ्यात पडलं.

५ ऑगस्ट
उपाय सापडला. अनोळखी मेल दारातच अडवायचा आणि उलट विचारायचं, ‘तुम्ही माणूस आहात का? असाल तर उत्तर द्या, आत घेऊ.’ कचरा पाठवणारी यंत्रं उत्तर देत बसत नाहीत. साहेबांना पटलं, फक्त खाली जबाबदार म्हणून माझं नाव घालायला लावलं.

आ-ख्वेचं तोंड उतरलं. म्हणाला, सातवा महिना लागलाय, ‘चांगले भाऊ’ मोकळे फिरताहेत. (चांद्र पंचांगाचा सातवा महिना भुतांचा, त्यात भुतांना भूत म्हणत नाहीत.) मागून हाक आली तर आपण ओ देत नाही, आणि तुम्ही आवतण धाडताय? मी म्हटलं, तुमचे भाऊ मेल वापरतात वाटतं. तो हसला नाही.

९ ऑगस्ट
स्पॅम थांबला. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. काही उत्तरं मात्र विचित्र आहेत. एकानं लिहिलंय, ‘होतो.’ कुणाचा तरी चावटपणा.

१३ ऑगस्ट
आजही तसंच. ‘होते. इथे गारठा आहे. दार कुठलं?’ पत्ते तपासले. सगळी आमचीच जुनी खाती, घरच्यांनी मृत्यूचा दाखला देऊन बंद करवलेली. कुणाला सांगायचं त्राण नाही.

१६ ऑगस्ट
साहेबांना म्हटलं, हे बंद करू. ते म्हणाले, चांगलं चाललंय ते का मोडायचं. आणि नाव तुमचं आहे, तुम्हीच बघा. मी बंद केलं. प्रश्न जातच राहिले. सर्व्हरवरचं पाकीट उचलून पाहिलं. फुगलेलं, न फोडलेलं. आत काहीच नाही.

१८ ऑगस्ट
कंपनीच्या दारात भावांसाठी टेबल मांडलं, फळं, भात, कोंबडी. मी माफी मागितली. माझ्या हातात उदबत्ती पेटेना. आ-ख्वे माझ्याकडे बघत नाही.

२० ऑगस्ट
भीती वाटते. झोप नाही. बाबांनी दुपारी कौतुकानं सांगितलं, तुझा मेल आला होता. मी पाठवला नव्हता. ‘तुम्ही माणूस आहात का? असाल तर उत्तर द्या, आत घेऊ.’ खाली माझं नाव.

त्यांनी उत्तर दिलं होतं. हो, म्हणून. म्हणाले, पोरीनं कधी नव्हे ते विचारलं, नाही कसं म्हणू.

२१ ऑगस्ट
बाबा जेवले नाहीत. हात गार — डॉक्टर म्हणतात, काही नाही. आत घेऊ म्हणजे — कुठे आत? मी लिहिलं होतं ते. मीच.

२२
सकाळ. बाबा समोर खुर्चीत. हलवलं, उठत नाहीत. श्वास —

आणि मागून हाक. त्यांचाच आवाज. शू-फिंग, गारठलोय गं, आत घे.

ओ द्यायची नसते. माहीत आहे. पण त्यांनी कधी कुणाला उत्तराशिवाय — आणि मी त्यांना —

हो, बा