बाभळकोपऱ्यात जाळं बंद

७ जुलै २०२५
मच्छे गावाहून सामानासकट निपाणीजवळच्या या तलावावर पोचले. पहिली नोकरी, तीही पाण्याकाठी! ऑफिस म्हणजे काठावरची एक खोली. यंत्राची छोटी बोट रोज पाण्याखालचे मासे मोजते, संगणकातली एआय प्रणाली कुठे जाळं टाकायचं ते ठरवते आणि मी हुकमावर सही करते. मच्छीमार सोसायटीचे गुंडाप्पाअण्णा म्हणाले, इतकी वर्षं मासे आम्हाला हुलकावणी देत होते, आता आरोहीताईंच्या या संगणकाच्या डब्याला देतील. रात्री त्यांच्याकडून मरळीचं कालवण आलं. दोनदा वाढून घेतलं.

१६ जुलै
भरमू मासेमार काल परतला नाही. त्याची रिकामी होडी वाहत बंधाऱ्याला लागली. इथली रीत अशी, की माणूस बुडाला तर सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं आणि तो सापडेपर्यंत कुणी मासा विकायचा नाही. अण्णांच्या मते तो बाभळकोपऱ्यात असणार. तिथली झाडं तलाव झाला तेव्हा तशीच पाण्याखाली गेली, बुडालेलं सगळं त्यांच्यात अडकतं.

१७ जुलै
प्रणालीने बाभळकोपरा बंद केला. तळाशी अंड्यावर आलेला मोठा कटला मासा आहे म्हणे. अण्णांनी हात जोडले. मी म्हटलं, जाळं टाकलंत तर परवाने जातील. खरं सांगायचं तर नव्या नोकरीत प्रणालीविरुद्ध सही करायची छाती झाली नाही.

२० जुलै
भरमूची बायको मालुबाई दुपारी भाकरी घेऊन काठावर बसते. नवऱ्याचं नाव घेत नाही, नुसत्या हाका मारते, "अवं, या की भाईर, जेवान निवालंय." कुंकू पुसायला तयार नाही. आधी दाखवा, मग पुसते, म्हणते. मी खिडकी लावून घेतली. लाज वाटते स्वतःची.

२३ जुलै
तो कटला सहा दिवसांत जागचा हललेला नाही. लांबी साडेपाच फूट. रकाना समोरच होता, मी वाचलाच नाही. भरमूच आहे तो. देवा, काय केलं मी! बंदी उठवली. आज वारा फार, उद्या ओढणार.

२४ जुलै
उशीर झाला. मालुबाई पहाटेच पाण्यात उतरली. दिवसभर जाळं ओढलं. दोघंही सापडली नाहीत.

२५ जुलै
पडद्यावर दोन खुणा, शेजारी शेजारी. प्रणाली म्हणते, जोडी आहे, सगळा तलाव बंद. मी हुकूम खोडला. परत आला— खाली माझी सही. मी केलेली नाही.

२६ जुलै
पुन्हा खोडला. पुन्हा आला. दोन्ही खुणा काठाकडे सरकताहेत. अण्णांनी तिथेच जाळं टाकलं— रिकामं.

२७ जुलै, दुपार
खुणा ऑफिसच्या पायरीपाशी. पायरीवर कुणी नाही— आवाज मात्र मालुबाईचा. ओरडत नाही, विनवते— सही करा की म्याडम, लई गार हाय पाणी—
दाराखालून कागद आत आला. ओला. जाळं ओढायची परवानगी—
करते, मालुबाई, करते सही, पण शाई पाण्यात पसरते, उमटतच— थांबा, पुन्हा करते, आरो—