ब्रेकच्या तारेची गिटार

गुरुजी, खामगावात तेव्हा गिटारची तार मिळत नसे, हे आधी ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं माफ करणं सोपं जाईल. मी आणि माझा एक मित्र तुमच्याकडे फिडल शिकायला यायचो. तो टिकला, मी गिटार धरली. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "वाजवून राह्यला का खाजवून राह्यला बे?" त्याची फिडल, माझी गिटार आणि एक ढोलकीवाला, एवढाच आमचा ताफा. गाणी तीन, तिन्ही माझीच आणि तिन्ही विरहाची. विरह कोणाचा ते विचारू नका. तोवर मला कोणी हो म्हटलं नव्हतं, तर सोडून कोण जाणार? तुमच्या तोंडून एकदा 'बरं आहे' ऐकायचं, एवढीच माझी हाव होती.

पिंपळगाव राजाचं ते लग्न. नवरीच्या बापाला बँडबाजाऐवजी काहीतरी नवं हवं होतं. नेमके त्याच सकाळी मित्राचे गाल गालफुगीने सुजले. त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी उभं करावं म्हणून मी तुमची फिडल मागायला आलो. "माही फिडल मी कोणाच्या हातात देत नसतो," म्हणालात आणि कोट चढवून स्वतःच निघालात. मांडवात पोचतो न पोचतो तोच माझ्या गिटारची तार तुटली. सायकलवाल्याकडून ब्रेकची तार आणून बांधली. ती काही केल्या वर चढेना, म्हणून बाकीच्या तारा तिच्या मापाने उतरवल्या. सुरात केसभर फरक पडला तर पट्टी मारणारे तुम्ही, पण त्या दिवशी पाठ फिरवून गुपचूप फिडलच्या चारही खुंट्या सैल करत बसला होतात. मी ते पाहिलं होतं.

मग काय! गाणी विरहाची, त्यात सूर एवढा खाली. अक्षता पडायच्या आधीच बायकांचे पदर डोळ्यांना लागले. आचारीसुद्धा रडला, आणि कांदे तर केव्हाच चिरून झाले होते. नवऱ्याचा मामा उठला, "पोरगी राजी नाही काय हो?" बाप आमच्या अंगावर धावून आला, "बंद करा बे हे मयताचं!" तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली नवरीच बाहेर आली. "वाजू द्या, बाबा. मले लगन बी करायचं हाय अन् रडाचं बी हाय." लग्न लागलं. तिन्ही गाणी आम्ही दोनदा वाजवली.

पंगतीत गावच्या पेटीवाल्याने विचारलं, "सूर लय खाली होता, काऊन हो?" तुम्ही माझ्या शेजारीच होतात. तरी मी म्हणालो, "गुरुजींची फिडल उतरली होती. वय झालं आता." लाडू फोडणारा तुमचा हात जरा थांबला, मग पुन्हा चालू झाला. परतताना एसटीत मी विचारलं, "गाणं कसं झालं?" "लाडू चांगले होते," म्हणालात. आणि मी मूर्ख, वर्षभर तुमच्यावरच रुसून बसलो.

आता माझ्या नातीचा बँड आहे. गिटारी दोन, व्हायोलिनं तीन, गाणी सगळी रडकी. परवा तिच्या मित्रमंडळींना मी हे लग्न सांगितलं. नवरीच्या वाक्याला पोरं हसून लोळली. मग गोष्टीत पंगतीतला पेटीवाला आला, आणि गुरुजी, सत्तरी उलटलेल्या माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं, "गुरुजींची फिडल उतरली होती." हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही, ते ठीक आहे. पण नात पलीकडच्या खोलीत बसली आहे, आणि मी ते तिलाही दाखवणार नाही.