गुडघ्यावरचा बिब्बा, मेंदूतली सूज

९ नोव्हें.
नागपूरच्या डॉ. बाई आज अमरावतीच्या दवाखान्यात आल्या होत्या. पोरगीच आहे. यांना विचारलं, आज वार कोणता. हे म्हणाले, "सुटीचा." रिटायर माणसाला रोजच सुटी, काय चूक सांगितलं? तिने कागदावर फुली मारली. डोक्यात तिडीकच गेली माझ्या.

मग मुद्द्यावर आली. अल्झायमरमध्ये मेंदूला आतून सूज येते म्हणे. यांच्या मेंदूत ती कुठे कुठे आहे, ते नागपुरात फोटो काढून बघायचं. शिरेतून औषध सोडतात, ते सुजेच्या जागी जाऊन चिकटतं, मशीनला दिसतं. मी म्हटलं, दिसली तर ती उतरवायचं औषध आहे? "अजून नाही काकू. म्हणूनच तर बघतोय."

म्हणजे जळतं आमचं अन् हे नुसते बघणार!

नाहीच म्हणणार होते. तर हेच बोलले, कितीक दिवसांनी एवढं सलग. "घ्या ना. नमुना घेतल्याबिगर समजंन कसं?" अकोल्याला मातीचे नमुने तपासण्यात उभी नोकरी गेली यांची. सहीसुद्धा केली, झोकात. मला विचारलं नाही.

१३ नोव्हें.
राग जात नाही. चहा घेऊ का, हे दहादा विचारतात. सही करू का, एवढं नाही विचारावंसं वाटलं.
रक्त दिलं. ते औषध सगळ्यांच्या मेंदूत सारखं चिकटत नाही, आधी रक्तावरून बघतात.

२० नोव्हें.
फोन आला, हे चिकटणाऱ्यांपैकी निघाले. इतकी वर्षं संसार केला, मले तर कधी दिसलं नाही.
आता अट. गुडघ्याच्या गोळ्या बंद, त्या सूज दाबतात, फोटोत खोटं येईल. म्हटलं, अन् दुखलं तर? "थोडे दिवस सहन करावं लागेल काकू." कोणाले, बाई? तुमी येता का सहन करायले?

२६ नोव्हें.
नुसतं कण्हणं. बसवेना, उठवेना. कुठे दुखतं ते सांगता येत नाही, मग मला शिव्या. आज हात उगारला. उभ्या जन्मात नव्हता उगारला.
गोळ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. यांच्यापासून नाही, माझ्यापासून. मीच देऊन टाकीन अशी भीती वाटते.

२९ नोव्हें.
अक्का आल्या अकोल्याहून. माझी मोठी नणंद. यंदा त्यांची कपाशी बोंडअळीनं खाल्ली, वावरात वेचायला काही राहिलं नाही, म्हणून भावाकडे. पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुरू. "गुडघे दुखून राह्यले माह्या भावाचे, अन् तू गोळी कुलपात घालून बसली? काहून वो?"
फोटोचं सांगितलं. "डोक्याच्या फोटोसाठी गुडघ्याले काहून मारता?"
प्रश्न खरा होता, म्हणून जास्तच चिडले.
यांनी त्यांना लगेच ओळखलं. "अक्का आली," म्हणून टाळी वाजवली. मला कधीपासून नावाने हाक नाही. आत जाऊन भांडी आदळली मी.

२ डिसें.
मी दळण आणायला गेले, तेवढ्यात कार्यक्रम उरकला अक्कांनी. दिव्यावर बिब्बा तापवून, सुईने त्याचं तेल काढून, दोन्ही गुडघ्यांवर फुल्या. आमच्याकडे घरोघरी करतात, माझी आईसुद्धा टाचेला लावायची. पण आत्ता? मेंदूची सूज बघायच्या ऐन वेळी? गल्ली गोळा होईल इतकी ओरडले.
हे मात्र झोपले होते. गाढ.
"पाह्य. तुह्या डाक्टरीननं झोपवलं का त्याले?"

४ डिसें.
बिब्बा उतला. गुडघे लालभडक, फोड, त्यातून पाणी. मांडीपर्यंत खाज, हे नखं लावतात, धरून ठेवावं लागतं. अंगात ताप. अक्का खोबरेल चोळत बसल्यात.
बोलायचं होतं ते सगळं बोलले, वर आणखीही. "वाट लावायलेच आल्या तुमी," म्हटलं. रडल्या. मला वाईट वाटलं नाही. मुद्दाम लिहिते, नाही वाटलं.

७ डिसें.
नागपूर रद्द. अंगात दुसरीकडे एवढी जळजळ असताना मेंदूचं खरं कळत नाही म्हणे. डॉ. बाई रागावल्या नाहीत. "बिब्बा? माझी आजीपण लावायची!" अन् हसल्या. हसू कसं आलं हिला? इकडे माणूस सोलून निघाला.
गोळ्या सुरू केल्या. कुलूप काढून टाकलं.

१९ डिसें.
अक्का गेल्या. ऑटोत बसताना म्हणाल्या, "मी काय वैरीण हाओ का वो त्याची?" 'नाही' म्हणायला तोंड उघडलं असतं तर जीभ झिजली नसती, पण नाही उघडलं.
हे दिवसभर दारात.

११ जाने.
फोड वाळले. डॉ. बाई परत आल्या. नवी तारीख देतात, पण गोळ्या पुन्हा बंद. अन् जुनी सही पुरत नाही, मधल्या दिवसांत यांचं विसरणं फार वाढलं, म्हणून परत विचारायचं. समोर बसून सावकाश विचारलं. "काका, मेंदूचा फोटो काढायचा का? नको असेल तर नको म्हणा."
यांनी माझ्याकडे बोट केलं.
"या बाईले विचारा. हे बाई रोज असते इथं. लय करते बिचारी."
डॉ. बाईंनी मान खाली घातली. मी उठून चहा टाकला. साखर घातली की नाही कोण जाणे, सगळ्यांनी तसाच प्याला.
"सोमवारी फोन करते काकू."

१५ जाने. सोम.
डॉ. बाईंचा फोन दोनदा वाजून बंद झाला. हे गोळी घेऊन अंगणात उन्हात बसलेत, गुडघ्यावर हात, कण्हत नाहीत. हो म्हटलं तर गोळी बंद, हे ऊन मीच काढून घ्यायचं. नाही म्हटलं तर डोकं ठिकाणावर असताना त्यांनी स्वतः दिलेला शब्द मी मोडायचा. अन् मी कोण? रोज असते ती बाई.
जाऊन विचारलं, "तुमाले काय वाटते?"
"बसा ना," म्हणाले, अन् सरकून जागा दिली.
बसले. आत फोन वाजून राहिला होता.