खाटेपर्यंत जाणारा कॅमेरा

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मरोळच्या ऑफिसात नवं सर्किट चालू केलं की मी आधी त्यावर बोट ठेवते. कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही तसंच करायचात. माझ्या पहिल्या अॅम्प्लिफायरवर बोट टेकवून म्हणालात, "सिग्नल वाढवायला सांगितला होता गं, इस्त्री कोणी मागितली?" वर्ग हसला. मी घाटकोपरला घरी जाऊन सगळं उखडलं आणि पुन्हा जोडलं.

मग तुमचं आजारपण. तुम्ही हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, तुमची तपासणी करायचा गॅमा कॅमेरा तळघरात. मी ऑक्सिजनचा सिलिंडर धरून ट्रॉलीबरोबर चालते आहे. लिफ्टच्या फटीत चाक आपटतं, तुमचे ओठ पांढरे पडतात, तरी मला म्हणता, "तुम्ही इंजिनियर लोक. चाकं त्या मशीनला लावायची, तर मला लावलीत."

त्यानंतर मी तेवढंच काम केलं. रुग्णाला टोचलेल्या औषधातून निघणारे किरण डिटेक्टर पकडतो. त्याचे शेकडो क्षीण सिग्नल वाचणारं सर्किट वीज खातं, तापतं. मग पंखा लागतो, वजन वाढतं, आणि मशीन एका खोलीत बसून राहतं. माझं सर्किट किरण आला तरच जागं होतं. ते तापत नाही, बॅटरीवर चालतं. कॅमेरा खाटेपाशी नेता येतो.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीने ते काम बंद केलं. माझ्या मुलाच्या वयाचा मॅनेजर सरळ म्हणाला, "मॅडम, बाहेरची तयार चिप स्वस्त पडते. तापते, तर पंखा टाकू."

"मग कॅमेरा हलणार नाही."

"पेशंट हलतो ना, मॅडम. आजवर काय अडलंय?"

खरंच काही अडलेलं नाही. तुम्हालाही नेलंच होतं. मी लवकरच निवृत्त होईन, आणि हे काम पुन्हा कोणी हाती घेणार नाही. याबद्दल मी स्वतःची समजूत घालत बसत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. काल हॉस्पिटलात पंखेवाल्या मशीनची चाचणी होती. चित्र स्वच्छ आलं, माझ्या सर्किटवर आलं असतं तितकंच. डॉक्टर खूश झाले. पण स्क्रीन उजळेपर्यंत, बाई, ते चित्र वाईट यावं असं मला वाटत होतं. टेबलावर एक बाई पडून होती, तरीही.