झुंबरबाईला कोणी विचारलं नाही

केदारखेडा,
ता. भोकरदन,
दि. २० फेब्रुवारी १९९९

चि. संपत,

आशीर्वाद लिहितोय. घ्यायचा तर घे, नाही तर पत्रातच राहू दे.

इकडे हरभरा सोंगून झाला, ज्वारी काढणीला आली आहे. तांबड्या गाईला कालवड झाली. विहिरीला यंदा पाणी बरं आहे. आपली बहीण आसरा संक्रांतीला माहेरी येऊन गेली. तिनं तुझं विचारलं, तेव्हा गुरांना पाणी पाजायचं निमित्त काढून मी उठलो. तू जुन्या जालन्यात त्या कापडाच्या दुकानात अजून गठ्ठेच उचलतोस असं कळलं. बारावी शिकलेला, धावण्यात तालुक्यात पहिला आलेला माणूस. असो. असो म्हणतच मी पाच वर्षं काढली.

पंधरा दिवसांखाली कडूबाची बायको झुंबरबाई माझ्याकडे आली. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीची वायर चोरीला गेली होती. गावचा पोलीस पाटील म्हटल्यावर लोक येणारच. मी कागद पुढे ओढला आणि रुबाबात सांगितलं, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नको. त्यावर ती पदर सारखा करत शांतपणे म्हणाली, "पाटील, पाह्यलं त्याचं तरी कुठं नाव घेतलं मी? तुम्ही आमच्या मालकाला पाठीमागून काठी हाणली, ती मी बांधावरून पाह्यली व्हती. मला कोन्ही इचारलंच न्हाई."

ती गेली. पुढे ओढलेला कागद कोराच राहिला.

संपत, हे तुला सगळं माहीत आहे. तरी लिहितो, कारण माझ्या तोंडून हे आजवर निघालेलं नाही. कडूबाचे बैल आपल्या तुरीत शिरले, माझं डोकं फिरलं, काठी मी घातली. तो तोंडावर पडला. त्यानं वर पाहिलं तेव्हा तू त्याला दंडाला धरून उठवत होतास, आणि मी काठी टाकून लांब झालो होतो. त्यानं तुझंच नाव घेतलं.

त्याच वेळी मी पोलीस पाटलाच्या जागेला अर्ज केला होता. थोरल्याची चूक धाकट्यानं पदरात घ्यायची, ही आपल्याकडची रीत. पारावर पंच बसले, तू कडूबाच्या पाया पडलास, 'चुकलं' म्हणालास. सुपारी फुटली, मिटलं. पारावर बाया बसत नाहीत, त्यामुळे झुंबरबाईला विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढं कडूबाच्या मेव्हण्यानं त्याला भरीस घातलं आणि त्यानं भोकरदनच्या कोर्टात फिर्याद लावली. कलम तीनशे तेवीस आणि पाचशे चार, म्हणजे साधी मारहाण आणि शिवीगाळ.

समन्स आलं तेव्हा मी तातेराव वकिलांकडे एकटाच गेलो. परत येऊन तुला सांगितलं, की वकील म्हणतात, किरकोळ कलमं आहेत, कोर्टातही पारावरच्यासारखंच असतं. साहेबांनी विचारलं की हात जोडायचे, 'चुकलं, कबूल आहे' म्हणायचं, दंड भरायचा, दुपारच्या एसटीनं घरी. तू अगदी तसंच केलंस. येताना स्टँडवर आपण भजीसुद्धा खाल्ली.

वकील तसं म्हणालेच नव्हते.

ते म्हणाले होते, की कलमं किरकोळ आहेत म्हणून कबूल करून मोकळं व्हायचं नाही. कबूल केलं की गुन्हा शाबित धरतात. नावावर शिक्षा चढते आणि सरकारी नोकरीच्या वेळी ती निघते. नाकबूल म्हणायचं. सिद्ध करायचं काम फिर्यादीचं, आपलं नाही. डॉक्टरचा दाखला नाही, आणि मार बसताना पाहणारी एकटी कडूबाची बायको. मग त्यांनी विचारलं, "ती काय सांगंल हो?"

मी म्हणालो, ठाऊक नाही. ठाऊक होतं. काठी टाकताना बांधावर उभी असलेली ती मला दिसली होती. तिची साक्ष झाली असती तर तू सुटला असतास, आणि माझी पाटीलकी हातची गेली असती. म्हणून तुला कबूल करायला लावलं. अडाणीपणानं नाही, समजून उमजून.

आणखी एक राहिलं. पुढच्या वर्षी पोलीस भरतीच्या यादीत तुझं नाव लागलं. आपण पेढे वाटले. मग चौकशीचा कागद गावात आला, माझ्याकडेच. 'शिक्षा झाली आहे काय?' त्यापुढं मी 'होय' लिहून सही केली. खोटं लिहायला भ्यालो. बघ, खरं लिहायचं मला कुठं सुचलं ते.

परवा तातेराव वकिलांकडे पुन्हा गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी आधी जुनी फाईल काढून चाळली. मग म्हणाले, जालन्याच्या सत्र न्यायालयात अर्ज करून पाहता येईल. इतका उशीर झाला तो माफ करा, असं आधी मागावं लागेल. स्वतः कबुली दिलेली असली की अवघड असतं, खात्री बिलकुल नाही. मी प्रतिज्ञापत्र दिलं आहे, की काठी माझी होती आणि कबुली मी शिकवली. झुंबरबाईनंही पाहिलेलं सांगून कागदावर अंगठा दिला. पाटीलकीचा राजीनामा तहसीलमध्ये देऊन आलो. माझ्यावर काय व्हायचं ते होऊ दे.

तुझं भरतीचं वय गेलं. ते कोणतंच कोर्ट परत देणार नाही, हे मला कळतं. नावावरचा डाग निघाला तर निघाला, एवढंच.

वकीलपत्रावर तुझी सही लागते. मंगळवार, नऊ मार्च, सकाळी साडेदहा, जालन्याचं कोर्ट. तातेराव वकील दाराशीच असतील. मी लांब उभा राहीन. माझ्याशी बोलू नको.

आईलाही सगळं सांगितलं. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. काल मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "त्याला लिही. पन माझ्या दुखन्याचं लिहू नको. माझ्यासाठी पळत आला, तर तुझं फावंल."

बरोबर बोलली ती. म्हणून तिच्याविषयी या पत्रात काही लिहीत नाही.

तू नऊ तारखेला कोर्टासाठीच ये. पण संपत, त्याच्या पुढची तारीख धरू नको. घरात तेवढा वेळ उरलेला नाही.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही, आणि दुसरं काही मी तुझा लागत नाही.

काकासाहेब