लोटनभाऊचे कपाट

बडोदे, ता. १२ ऑगस्ट १९६३

तीर्थरूप आईच्या पायांशी धुडकूचा नमस्कार.

आज सकाळी दोन तास झाले, दुपारी ग्रंथालयात बसलो. मी बरा आहे. खाणावळीत भाकर मिळते. छबूने हे तुला सावकाश वाचून दाखवावे.

ग्रंथालयशास्त्र दुय्यम विषय म्हणून घ्यायचे तर तीन पेपर आहेत, शिवाय ग्रंथालयाबाहेरच्या पन्नास पुस्तकांची, नाव-लेखक नोंदवलेली कार्डे स्वतः करावी लागतात. सरावाच्या पहिल्याच कार्डावर लेखकाच्या जागी मी लोटन लिहिले. भाऊ गावभर पुस्तके वाचायला देई, म्हणून सगळे 'लोटनचं पुस्तक' असेच म्हणत ना. सर म्हणाले, "पाटील, हे लोटन कुठले मोठे लेखक?" वर्ग हसला. मीही हसलो.

इथे कार्डांचे लांब लाकडी खण आहेत. 'ल' अक्षराचा खण ओढला की भाऊ ओट्यावर पुस्तके वाटत बसलेला दिसतो. तापीचे पाणीही ऐकू येते. मग घंटा होते.

भाऊ गेला तेव्हा कुलूप लावून तू म्हणालीस, "हाई लोटननं कपाट शे, कोनी हात लावानं नही." ते मी विसरलो नाही. पण माझ्या ओळखीची पन्नास पुस्तके त्यातच आहेत. दिवाळीत उघडशील का? प्रत्येक पुस्तक होते तिथेच परत ठेवीन. नाही म्हणालीस तर विषय सोडीन, रागावणार नाही.

तुझा गुडघा कसा आहे? दोन्ही वेळा जेवतेस ना?

खोलीवर आज मी एकटाच आहे. आता जाड कागदाची पन्नास कार्डे कापायला बसतो.

तुझा
धुडकू